दोन गाड्यांची कंपनी

पिंपरी-चिंचवडच्या भरभराटीच्या काळात तिथे दोन तऱ्हेच्या कंपन्या होत्या. पहिल्या तऱ्हेच्या कंपनीला गेट होतं, भोंगा होता, युनियन होती, कँटीन होतं आणि दिवाळीला बोनस होता. दुसऱ्या तऱ्हेच्या कंपनीकडे दोन बस होत्या. त्यातली एक बहुधा चालू असे.

इतिहास अर्थातच पहिल्या तऱ्हेच्या कंपन्यांचा लिहिला गेला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि पंचक्रोशीनं तिचं बारसं परस्पर ‘पेनिसिलीन’ असं करून टाकलं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. बजाज, टेल्को, बजाज टेम्पो अशी मातबर मंडळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आजूबाजूला येऊन बसली. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी फीत कापली, कुणीतरी स्मरणिका काढली. पण दांडेकर पुलाजवळचा फिटर आणि नवी पेठेतला टर्नर सकाळी सातच्या आत आकुर्डीला पोचत कसे होते, याबद्दल त्या गुळगुळीत कागदावर कुणाला ओळ खर्चावीशी वाटली नाही.

तशा सार्वजनिक सोयी होत्या. पुण्याची पीएमटी होती, १९७४ पासून पिंपरी-चिंचवडची स्वतःची पीसीएमटी होती, १९७८ पासून लोणावळ्याची लोकल होती. पण सार्वजनिक गाडी सगळ्यांसाठी असते, आणि पहिल्या पाळीला निघालेल्या माणसाला फक्त स्वतःसाठी थांबणारी गाडी हवी असते. ती गरज ‘कॉन्ट्रॅक्टची गाडी’ भागवायची. पुण्याला खासगी बसचं तसं वावडं कधीच नव्हतं. १९५० साली पीएमटी सुरू होण्याआधी शहरातल्या बस चालवत होती ती सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनीच. शहराची वाहतूक पालिकेनं घेतली, कारखान्यांची मात्र दोन-तीन गाड्यांच्या मालकांकडे राहिली.

आमच्या गाडीचे मालक मूळचे भोसरीकडचे शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, मोबदला हातात आला आणि गावातल्या निम्म्या लोकांनी केलं तेच यांनी केलं. ज्वारी ज्या मातीत यायची तिथे आता कारखाना येणार, तर निदान कारखान्यातली माणसं तरी आपण आणू, असा सरळ हिशोब करून त्यांनी चेसिस बुक केली. गाडीवर मागे ‘भैरवनाथ प्रसन्न’, पुढे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आणि डिझेलच्या टाकीवर ‘थोडं थोडं पी, जास्त जगशील’. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्यांना ते आवडायचं नाही, पण नको म्हणत नसत.

कंपनीचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घरातलं टीव्हीवरचं फळकूट आणि हिशोबाची वही म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. वहिनी हिशोब ठेवायच्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं नोंदी असत. एकदा ॲडव्हान्स द्यायला गेलो तेव्हा मी तो महिना नीट वाचला आहे. मंगळवारी ‘दूध दीड, डिझेल शंभर.’ बुधवारी ‘टायर मागचा डावा. संकष्टी.’ शुक्रवारी नुसतंच ‘ड्रायव्हरमामा पुन्हा नाही आले’ आणि त्याखाली दोन ठसठशीत रेघा. आमच्या अकाउंट्स खात्यात अकरा माणसं मिळून जो ताळेबंद काढत, तो या बाई दूध उतू जाऊ न देता काढायच्या. इन्कम टॅक्सचं काय करता, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “जानेवारीत कालनिर्णय बदलतोच की.”

गाडीचं आयुष्य या धंद्यात चार आश्रमांत वाटलेलं असे. कोरी असताना ती रात्रीच्या लांब पल्ल्याला जाई, कोल्हापूर, नागपूर, इंदूर. पडदे, पुशबॅक सीटा, व्हिडिओवर पिक्चर. हे तिचं ब्रह्मचर्य; अंगात तेज, पायाला भिंगरी. पडदे मळले आणि पुशबॅक सीट मागे जाऊन पुढे यायची थांबली, की ती गृहस्थाश्रमात येई, म्हणजे आमच्या कंपनीच्या पाळीला लागे. सकाळी पोचवा, संध्याकाळी आणा, मध्ये कुरकुर. मग वानप्रस्थात शाळेच्या मुलांना, आणि शेवटी संन्यास. बिल्डरच्या साइटवर मजुरांची ने-आण, अंगावर सिमेंटचं भस्म. आमची गाडी गृहस्थाश्रमात आली तेव्हाच वानप्रस्थाचं वय उलटून गेलेली होती. रंग खरवडला की खाली दुसरा रंग लागायचा, त्याखाली तिसरा. खिडकीशी बसणारे एक हौशी गृहस्थ नखानं उकरत उकरत ‘गुलबर्गा’ या अक्षरांपर्यंत पोचले होते.

ही गाडी वेळापत्रकावर चालत नसे, माणसांवर चालत असे. दांडेकर पूल, गांजवे चौक, अलका, डेक्कन, संचेती. मग वाकडेवाडीवरून सरळ. थांब्याला पाटी नव्हती. कुठल्या पानटपरीसमोर कोण उभं असतं, हे ड्रायव्हरमामांच्या डोक्यात पक्कं होतं. माणूस दिसला नाही की मामा दोन हॉर्न देत. तरी नाही आला तर क्लीनर पोरगं उतरून गल्लीत डोकावे. “बाथरूमचा दिवा चालू आहे,” असा अहवाल आला की गाडी थांबे. “दिवा बंद आहे आणि दाराला कुलूप आहे,” असं आलं की सुटे. एक-दोघांच्या बायका दारातून हातवारे करून सांगत, ताप आहे, आज येणार नाहीत. हजेरी अशी कारखान्याआधी गाडीत लागायची आणि ती जास्त खरी असायची.

क्लीनर म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं. बेल तुटलेली होती म्हणून ते दरवाजाच्या पत्र्यावर थाप मारी. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि सलग चार-पाच म्हणजे मागचं चाक काहीतरी वेगळं करतंय. त्या जागी पत्र्याला तळव्याच्या आकाराचा खोलगटपणा आला होता. खिडक्यांच्या काचा खडखडू नयेत म्हणून प्रत्येक फटीत घडी घातलेला पुठ्ठा असे, आणि हा पुठ्ठा ज्यानं बसवला तो त्या सीटचा कायदेशीर मालक. नवीन भरती झालेल्या इंजिनिअरनं एकदा अशा सीटवर नकळत बूड टेकलं, तर कुणी रागावलं नाही, फक्त मागून एक शांत आवाज आला, “बसा बसा. ते रिटायर झाले की तुम्हालाच मिळणार आहे.”

झोपेचं शास्त्र इथे फार पुढे गेलं होतं. संचेतीला डोळे मिटायचे ते मोरवाडीला उघडायचे. हॅरिस ब्रिजचा खड्डा, दापोडीचा गतिरोधक, कासारवाडीचा वास, यातलं प्रत्येक झोपेला माहीत होतं आणि ती मोडत नसे. एखाद्या दिवशी मामांनी दुसऱ्या रस्त्यानं गाडी नेली की मात्र पन्नास माणसं एकदम दचकून उठत. जागणाऱ्यांसाठी पेपर होता. एकच ‘सकाळ’, त्याची पानं सुटी करून फिरवायची. मी पहिल्या पानापर्यंत सहसा संध्याकाळी परतताना पोचायचो, त्यामुळे देशातल्या घडामोडींना माझी प्रतिक्रिया नेहमी अर्धा दिवस उशिरा यायची.

नावं मात्र कुणाची कुणाला धड माहीत नसत. माणूस चढतो कुठे, तेच त्याचं नाव. “गांजवे चौकाची शुगर वाढली आहे.” “डेक्कननं फ्लॅट घेतला म्हणे कोथरूडला.” “मग आता डेक्कन म्हणायचं की कोथरूड?” गांजवे चौकाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो, तर एका इमारतीत तीन कार्यालयं आणि तीन पाट्या, मुलीचं नाव ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही. शेवटी आमच्यातला एक तिन्ही मांडवांच्या दारात जाऊन पत्र्यावर दोन थापा मारून आला. दुसऱ्या मांडवातून सोवळं नेसलेले गांजवे चौक धावत बाहेर आले.

कायद्याच्या नजरेनं आमची गाडी मोठ्या नाजूक जागी उभी होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाड्यांच्या दोन जाती आहेत. एक टप्पा वाहतुकीची, म्हणजे एसटी-पीएमटीसारखी, वाटेत हात दाखवला की घेणारी, तिकीट फाडणारी. दुसरी कंत्राटी, तिनं ठरलेली माणसं ठरलेल्या ठिकाणी न्यायची, रस्त्यात कुणाला चढवायचं-उतरवायचं नाही. आमची दुसऱ्या जातीची. पण पहाटे सव्वापाचला रस्त्यावर ताटकळणाऱ्या माणसाला कायद्याचं कलम ऐकवायला मामांची जीभ रेटत नसे. त्यामुळे आमच्यात एक शाळेच्या बाई होत्या, पिंपरीच्या चव्हाण रुग्णालयातल्या एक सिस्टर होत्या आणि पिंपरीच्या मंडईत जाणाऱ्या एक फुलवाल्या मावशी होत्या. एकदा बोपोडीच्या अलीकडे साहेबांनी गाडी अडवली. आत येऊन एकेकाकडं बघत बघत मावशींपाशी थांबले. मांडीवर झेंडूची पाटी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“या कोण?”

“कंपनीच्याच आहेत साहेब,” मामा म्हणाले.

“कुठल्या खात्यात?”

गाडीत शांतता. मग मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, “पेंट शॉप.”

साहेबांनी झेंडूकडे पाहिलं. मावशींनी न बोलता दोन मूठ फुलं कागदात बांधून दिली. साहेबांच्या घरी त्या दिवशी पूजा चांगली झाली असणार.

या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार नेमून दिले होते, त्यातला हा आमचा वार. त्यानं दत्तभक्तांची सोय झाली. गुरुवारी शेठ गाडी थेट नरसोबाच्या वाडीला नेत. पण लग्नं रविवारी असतात, आणि रविवारी आम्ही कामावर असायचो. गाड्या दोन, त्यातली चालू एक, मुहूर्त आणि पाळी यांची गाठ शेठनाच घालावी लागे. एका रविवारी पाळी सुटून आम्ही गेटवर आलो, तर गाडीला झेंडूचं तोरण, टपावर गोदरेजचं कपाट आणि आत अर्धं वऱ्हाड. चिंचवडचं लग्न उरकून मंडळी पुण्याला निघाली होती. “एकाच दिशेला जायचंय,” शेठ म्हणाले, आणि या युक्तिवादाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उरलेल्या सीटवर माणसं नव्हती, रुखवत होतं. ते उचलल्याशिवाय बसता येईना, आणि उचललं की ठेवायला मांडीशिवाय जागा नाही. त्यामुळे हीट ट्रीटमेंटचा फोरमन लाडवांचा मनोरा धरून बसला, टूलरूमच्या दोघांनी मिळून करंज्यांची बैलगाडी सांभाळली आणि माझ्या वाट्याला क्रोशाचं बदक आलं. वऱ्हाडातल्या एक मावशी दर थांब्याला उठून अनारसे मोजत होत्या. नाशिक फाट्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. दापोडीच्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि साखरेच्या तुळशीवृंदावनाचा एक कोपरा खचला. मावशींनी हंबरडा फोडायच्या आत टूलरूमच्या माणसानं खिशातून व्हर्नियर काढला, तुकडा मापला, जिभेनं ओला केला आणि जागी बसवला. मग तो नमुना इन्स्पेक्शनच्या आमच्या सहकाऱ्याकडे गेला. त्यानं तो डोळ्यासमोर धरून चारी बाजूंनी फिरवला आणि निर्वाळा दिला, “टॉलरन्समध्ये आहे. जाऊ द्या.” नवऱ्याकडच्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

बाहेरच्यांना या गाडीचं जे रूप दिसायचं ते मात्र वेगळंच होतं. ‘मुलगा कंपनीत आहे’ याच्या पुढचं वाक्य ‘दारातून गाडी नेते’ असं असे आणि त्यानंतर मुलीचे वडील फारसे प्रश्न विचारत नसत. घर शोधणारे पाण्याची वेळ नंतर विचारत, गाडी कुठे थांबते ते आधी. गाडी कशी आहे हे कुणी विचारत नसे, ते बरंच होतं. कारण थंडीत ती धक्क्याशिवाय सुरू होत नसे. मामा ‘चला’ म्हणाले की टर्नर, फिटर, वेल्डर, सगळे उतरून मागे हात लावत. यात मानापमान नव्हता. मात्र बजाजचे लोक आमच्या शेजारच्या गाडीला धक्का मारताना पाहिले की मला गंमत वाटे. देशभर लोक नंबर लावून वर्षानुवर्षं ज्या चेतकची वाट बघत होते, ती बनवणारे हात पहाटे दुसऱ्याच्या बसला धक्का मारत होते. पुढे १९९५ साली टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात मर्सिडीजची जोडणी सुरू झाली. तिथला एक जण आमच्या ओळखीचा होता. गाडीचा दरवाजा लावला की ‘ठप्’ असा नेमका कसा आवाज यायला हवा, हे तो आम्हाला तोंडानं काढून दाखवायचा. आमच्या गाडीचा दरवाजा सुतळीनं बांधलेला होता, तेव्हा तुलनेला काही आधारच नव्हता.

हे सगळं मोडीत निघालं त्याला एक कारण नाही. हप्त्यावर मोटरसायकली मिळू लागल्या आणि तरुण पोरांना दांडेकर पुलाच्या टपरीपाशी उभं राहणं कमीपणाचं वाटू लागलं. व्हीआरएस आली, एकेक पुठ्ठा बेवारस झाला. २००७ साली आकुर्डीतलं बजाजचं गाड्यांचं उत्पादन थांबलं, त्याच वर्षी पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. कारखाने चाकणकडे सरकले, हिंजवडीला काचेच्या इमारती झाल्या आणि त्यांना लागणाऱ्या वातानुकूलित गाड्या शेकड्यानं पुरवणारे बडे ठेकेदार आले. आता तर पिंपरीहून मेट्रो जाते. तीत बसून मी फुगेवाडी खालून सरकताना पाहिली आहे. छान दिसते, आवाज होत नाही, झोपही लागत नाही.

पण शेठचा धंदा यातल्या कशानंच नाही, तर कागदानं मोडला असं माझं मत आहे. नव्वदच्या दशकात सगळ्या कारखान्यांना आयएसओ प्रमाणपत्राचं वेड लागलं. आमच्या कंपनीनं ते मिळवायचं ठरवलं आणि ठरवल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीची लेखी कार्यपद्धती मागायला सुरुवात केली. पाणी कसं प्यावं एवढंच काय ते लिहायचं राहिलं. वाहतूक पुरवणाऱ्यांनाही फॉर्म गेले. शेठ तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आले, कारण मी ऑफिसात बसायचो, म्हणजे मला इंग्रजी येत असणार. फॉर्ममध्ये एक रकाना होता, आपल्या संस्थेचं व्हिजन काय. मी काही सुचवायच्या आत त्यांनी सांगितलं, “लिहा, ड्रायव्हरचं दरवर्षी तपासून घेतो, मागच्या वर्षी चष्मा लागला.” तसंच लिहिलं. पुढे, गाडी बंद पडल्यास करावयाच्या कार्यवाहीचे टप्पे. तेही त्यांनी मोजून सांगितले. एक, सर्वांनी उतरणे. दोन, ढकलणे. तीन, चालू झाल्यास पळत येऊन चढणे. चार, साहेब लोक मागे राहिल्यास रिक्षा करणे.

मुंबईहून तपासणीला आलेले ऑडिटर तरुण होते, टाय लावलेले. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. हसले नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं.

“कार्यपद्धती स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “पण अंमलबजावणीची नोंद लागेल. वर्षभरात गाडी किती वेळा ढकलली, त्याचं रजिस्टर कुठे आहे?”

शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “साहेब, ढकलली त्याची नोंद कोण ठेवतंय? न ढकलता चालू झाली त्याची आहे. फेब्रुवारीत बघा, कालनिर्णयवर. आमच्या हिनं हळदीकुंकू लावलंय त्या तारखेला.”